आधी चेन काढ

भर दुपारी, भर रस्त्यात, पासष्टीकडे झुकलेली एक बाई अनोळखी माणसाला अडवते आणि दरडावून म्हणते, "ए भाऊ, आधी चेन काढ." हे दृश्य तुम्ही पहिल्यांदा पाहिलंत तर तुमचा हात आपोआप गळ्याकडे जाईल. माझ्या बायकोचा गेला होता. आम्ही अकोल्यात पातूर रोडच्या या कॉलनीत राहायला आलो त्याच दिवशी, टेम्पोतून सामान उतरत असताना, समोरच्या घरातून हा हुकूम ऐकू आला आणि बायको मंगळसूत्र पदराखाली घालून थेट स्वयंपाकघरात पळाली.

मी धीर करून बाहेर डोकावलो. समोरच्या फाटकाशी एक माणूस कटर मशीन घेऊन उभा होता. कटर मशीन म्हणजे झाडं कापायची ती पेट्रोलवर चालणारी, कानठळ्या बसवणारी करवत. तिची दातेरी साखळी, म्हणजे चेन, त्यानं सुटी केली होती आणि पोरानं मास्तरांना वही दाखवावी तशी बाईंपुढे धरली होती. बाईंच्या हातात स्टीलचा लांब चिमटा होता. त्यांनी चिमट्यानं चेन उचलली, उन्हात धरली आणि दातांमध्ये चिकटलेल्या काळ्या थरावर बोट रोखलं.

"हे काय हाय?"

"डिंक हाय, सिस्टर."

"डिंक नाई हा. इन्फेक्शन हाय."

त्या इंदू सिस्टर. अकोल्यातल्याच एका दवाखान्यात ऑपरेशन थिएटरमध्ये त्यांनी उभा जन्म काढला. डॉक्टरांच्या हातात वेळेवर कात्री ठेवायची, काम झाल्यावर ती धुवायची, उकळायची, पुसायची आणि पुन्हा चमकत्या रांगेत मांडायची. लग्न केलं नाही. का केलं नाही हे विचारायची कॉलनीत कोणाची छाती नाही. निवृत्तीनंतर माणसं तीर्थयात्रेला जातात, घराला रंग देतात, निदान गुडघ्यांवर इलाज करतात. सिस्टरांनी कटर मशीन विकत घेतली.

त्याचं कारण पातूरजवळच्या त्यांच्या भावाच्या लिंबाच्या बागेत आहे. बागेत डिंक्या शिरला होता. हा रोग आला की झाडाच्या सालीतून डिंक पाझरतो आणि फांदीमागून फांदी वाळत जाते. वाळलेल्या फांद्या कापायला भावानं माणूस बोलावला. सिस्टर सहज म्हणून बागेत गेलेल्या. त्या माणसानं रोगट झाडाची फांदी कापली आणि तीच चेन, वरच्या डिंकासकट, शेजारच्या चांगल्या झाडाला लावायला निघाला. सिस्टर मध्ये उभ्या राहिल्या.

"या हत्यारानं तू दुसऱ्या पेशंटले हात लावून राह्यला?"

तो बिचारा इकडेतिकडे पेशंट शोधू लागला. बागेसाठी त्यांनी स्वतःची मशीन घेतली, आणि त्या दिवसापासून त्यांना दुनियेतली एकूण एक चेन मळलेली दिसू लागली.

आणि खरंच सांगतो, तोवर मी या विषयाचा काडीचाही विचार केला नव्हता. मी ज्युनिअर कॉलेजात मराठी शिकवतो, माझा करवतीशी संबंध शब्दकोशापुरता. पण सिस्टर समजावू लागल्या की माणूस खुर्ची पुढे ओढतो. ओल्या लाकडाचा चीक, डिंक, भुसा आणि मशीनचं तेल यांची भट्टी जमते. मशीन तापते तसा तो लगदा दातांवर भाजून बसतो, अगदी दुधाच्या पातेल्याच्या बुडाशी खरवड धरते तसा. मग चेन ज्या पट्टीवरून फिरते त्या पट्टीची खाच भरते. तेल यायचं भोक बुजतं. चेन कोरडी धावते, धूर काढते, लाकूड कापत नाही, नुसती चावत बसते. आणि मशीन कापत नाही म्हटल्यावर माणूस काय करतो?

"जोर लावते," सिस्टर म्हणायच्या. "तेथीच घात होते. मशीन उसळते. म्या पाह्यले ना असे पेशंट. कोणाचं मनगट, कोणाची मांडी. घरचे बाहेर बाकावर बसून राहायचे, अन् आमी आत."

हे सांगताना मात्र त्यांचा चिमटा थांबायचा.

त्यांची पद्धत आता पक्की झाली आहे, पण ती पक्की होईपर्यंत कॉलनीनं काय काय सोसलं ते आमचं आम्हाला माहीत. सुरुवातीला त्यांनी चेन प्रेशर कुकरमध्ये उकळली. थिएटरमधली हत्यारं तशीच निर्जंतुक होतात, मग चेननं काय पाप केलं, असा त्यांचा सवाल. तिसऱ्या शिट्टीला कडुनिंब, जळकं तेल आणि पेट्रोल यांचा असा काही वास सुटला की कोपऱ्यावरच्या गणोरकर काकूंनी साऱ्या कॉलनीला गॅस बंद करायला लावले. मग त्यांनी संडास धुवायचं अॅसिड वापरून पाहिलं. चेन लख्ख झाली आणि दुसऱ्या दिवशी तांबडीलाल. गंज चढलेली ती चेन मांडीवर घेऊन सिस्टर ओट्यावर बसल्या होत्या. मी म्हटलं, काय झालं? त्या म्हणाल्या, "गेली. माह्याच हातानं गेली." मला चहाला थांबावंसं वाटेना.

आता असं असतं: मशीन पूर्ण बंद, हातात जाड मोजे, चेन सुटी. टबात गरम पाणी आणि धुण्याचा सोडा. त्यात चेन भिजत घालायची. थर मऊ झाला की दात घासायच्या जुन्या ब्रशनं एकेक दात घासायचा. मग साध्या पाण्यातून काढायची, सुती कापडानं टिपायची, वाऱ्यावर वाळवायची आणि लगेच तेलात बुडवायची. "पेशंट ओला ठेवू नोको" हे त्यांचं आवडतं वाक्य. ते त्या चेनबद्दलही म्हणतात आणि न्हाऊन आलेल्या माझ्या मुलीच्या केसांबद्दलही. जुन्या ब्रशांची त्यांना इतकी हाव की कॉलनीत कोणी नवा ब्रश काढला की जुना मागायला त्या दारात हजर. हे त्यांना कसं कळतं ते कळत नाही.

शब्बीरभाई त्यांच्या आयुष्यात आले ते भांडत आले. बाळापूरकडचा हा माणूस, अंगानं काटक, झाडावर चढला की माकडानं लाजावं. आमच्याकडच्या तारांना टेकलेल्या फांद्या तोडायला आला होता. मशीन सुरू झाली, धूर निघाला, आणि सिस्टर फाटकातून बाहेर.

"ए भाऊ, खाली उतर. आधी चेन काढ."

शब्बीरभाईंनी वरूनच उत्तर दिलं, "सिस्टर, ये लकडी काटने की मशीन है. थर्मामीटर नै."

"थर्मामीटर असतं तं बरं झालं असतं. किती तापली ते तं समजलं असतं."

शब्बीरभाईंनी दुर्लक्ष करून मशीन फांदीला लावली. ती अर्ध्यात गेली आणि अडकली. ढकलून पाहिली, ओढून पाहिली. खाली आता बघे जमले होते. सिस्टर कमरेवर हात ठेवून शांत उभ्या. शेवटी शब्बीरभाईंनी हातकरवतीनं मशीन सोडवली, खाली उतरले आणि चेन काढून चिमट्यात दिली.

धुऊन, टिपून, तेल पाजून चेन परत मिळाली तोवर ऊन कलायला आलं होतं. शब्बीरभाई कुरकुरत वर गेले. मशीन लावली. ती जाड फांदी अशी कापली गेली की जणू पिकलेलं सीताफळ. भुसा एरवी पिठासारखा उडतो, तो आता खोबऱ्याच्या किसासारखा भुरभुर खाली येत होता.  शब्बीरभाईंनी मशीनकडे पाहिलं, खाली सिस्टरांकडे पाहिलं आणि जिची काही गरज नव्हती अशी आणखी एक फांदी, केवळ चव घ्यायला, कापून टाकली.

पुढच्या रविवारी ते आपणहून आले, सोबत आणखी एक कटरवाला घेऊन. आणि अशी सिस्टरांची रविवारची ओपीडी सुरू झाली.

काय बहार असायची त्या ओट्यावर. बार्शिटाकळीहून, पातूरहून, एकदा तर थेट तेल्हाऱ्याहून माणसं यायची. मोटारसायकलच्या हँडलला चेनच्या माळा लटकलेल्या. प्रत्येक चेनला पांढऱ्या चिकटपट्टीवर मालकाचं नाव, दवाखान्यात बाळाच्या पायाला बांधतात तसं. चेन भिजेपर्यंत माणसं रिकामी, म्हणून सिस्टर त्यांचं ब्लडप्रेशर बघायच्या. तंबाखू-सुपारीचा खर्रा खाणाऱ्याचं तोंड उघडायला लावून आत बॅटरी मारायच्या आणि तोंडावर सांगायच्या, "तुह्या चेनपक्षा तुहं तोंड खराब हाय." तो माणूस हिरमुसायचा, पण पुढच्या रविवारी तोंड धुऊन यायचा. पोहे व्हायचे, आलुबोंडे व्हायचे. कोणाची पोरगी दहावीला आहे, कोणाच्या आईचा मोतीबिंदू पिकला, सगळं सिस्टरांना पाठ. माझी बायको, जी पहिल्या दिवशी मंगळसूत्र लपवून पळाली होती, ती आता रविवारी चहाचं आधण टाकून वाट बघायची.

आणि मग ते मे महिन्यातलं वादळ आलं.

दुपारीच आभाळ काळं झालं. धुळीचा लोट आला, पत्रे उडाले, आणि गणोरकरांच्या अंगणातला म्हातारा कडुनिंब मुळासकट उलथून त्यांच्या घरावर कोसळला. भिंती टिकल्या. पण खोड पुढच्या दाराला आडवं पडलं, दोन्ही खिडक्या फांद्यांनी बुजल्या, मागे दुसऱ्याच्या घराची भिंत. आत काका आणि काकू. काकांच्या फुप्फुसांचा आजार जुना, घरी ते विजेवर चालणाऱ्या ऑक्सिजनच्या मशीनवर असायचे. झाडासोबत तारा तुटल्या, वीज गेली, मशीन बंद पडली. घरात ठेवलेला ऑक्सिजनचा सिलिंडर आदल्याच दिवशी संपला होता. भरलेला सिलिंडर माणसं पळत जाऊन घेऊन आली, पण तो आत न्यायचा कुठून?

मी शब्बीरभाईंना फोन लावला. ते सुदैवानं जवळच होते. वीजवाल्यांनी पुरवठा तोडल्याची खात्री झाली आणि मशीन सुरू झाली. पण वादळात झोडपलेलं ओलं झाड, सालीला माती, आणि जुन्या निंबाच्या पोटात डिंकाच्या गाठीच गाठी. थोडं कापून होतं न होतं तोच चेन चिखलानं आणि डिंकानं माखून धूर काढू लागली.

"काढ ते," सिस्टर म्हणाल्या. "माही लाव."

त्यांनी भर रस्त्यात थिएटर मांडलं. टब, सोडा, ब्रश, कापड, तेल. माझी बायको गॅसवर पाणी तापवून पातेली आणत होती. शब्बीरभाईंच्या दोन चेन आणि सिस्टरांची एक. एक झाडावर, एक पाण्यात, एक तेलात. चेन जाम झाली की शब्बीरभाई मशीन बंद करून नुसता हात मागे करायचे आणि त्या हातात स्वच्छ चेन पडायची. मागे वळून बघायची त्यांना गरज नव्हती. मी पट्टीच्या खाचेतला गाळ तारेनं उकरत होतो आणि माझी तार सारखी निसटत होती. सिस्टरांचा ब्रश एकदाही निसटला नाही.

मध्येच त्या फांद्यांमधून वाकून दाराशी जायच्या.

"काका, बोलू नोका. ओठ शिट्टीवानी करा अन् हळूहळू श्वास सोडा. काकू, त्याईले पुढे वाकून बसवा. उशी द्या मांडीवर."

आतून काकूंचा आवाज यायचा, "बसवलं, इंदूबाई." प्रत्येक वेळी थोडा जास्त घाबरलेला.

खोडाचा शेवटचा तुकडा कापला गेला तेव्हा आम्ही पाच-सहा जणांनी तो लोटला, दार उघडलं आणि सिलिंडर आत गेला. सिस्टर त्याच्यासोबत. आम्ही सगळे दारात दाटीवाटीनं उभे. आत काकांच्या नाकाला नळी लागली. निळसर पडलेले ओठ हळूहळू निवळले आणि काकांनी डोळे उघडून सिस्टरांना विचारलं, "निंब गेला काय हो माहा?"

"गेला. तुमी हाय ना," सिस्टर म्हणाल्या.

बाहेर आल्या आणि त्याच निंबाच्या ओंडक्यावर बसून लहान पोरीसारख्या हसत सुटल्या. शब्बीरभाई त्यांच्यासमोर जमिनीवर बसले, तेही हसू लागले. मग साऱ्या रस्त्यालाच हसू आलं. थोड्या वेळानं सिस्टरांनी डोळे पुसले आणि म्हणाल्या, "शब्बीर, पट्टीची खाच पाहू दे."

त्या वादळाची गोष्ट गावभर झाली. गणोरकर काकांचा एक भाचा अमरावतीकडे संत्र्याच्या बागा सांभाळतो. त्यानं तिकडच्या कटरवाल्यांना आणि बागायतदारांना जमवलं आणि सिस्टरांना बोलावणं धाडलं. मी सोबत गेलो. एसटीत सिस्टरांनी चेनची पिशवी मांडीवर घेतली होती. कंडक्टरनं विचारलं, "बाई, पिशवीत काय हाय?" सिस्टर म्हणाल्या, "चेन." कंडक्टरनं आवाज खाली आणून सांगितलं, "मंग अशी बोंबलत नोका सांगू, दिवस खराब हायेत."

अमरावतीत त्या काय बोलल्या म्हणता. मी कॉलेजात इतकी वर्षं शिकवतो, माझ्या वर्गात कधी अशी शांतता झाली नाही. त्यांनी समोर एक मळलेली चेन धुऊन दाखवली, मग दोघातिघांना पुढे बोलावून त्यांच्या हातानं धुऊन घेतली. चुकले की चिमट्यानं बोटावर टिचकी. शेवटी म्हणाल्या, "घरी करा. बायकोले शिकवा, भावाले शिकवा. मी काय सगळ्यायले जन्मभर पुरणार हाय?" लोकांनी मोबाइलवर सगळं टिपून घेतलं. ते चित्रीकरण अकोल्यात आमच्या आधी पोचलं होतं.

आणि लोक खरंच शिकले.

आधी तेल्हाऱ्याची माणसं यायची थांबली. मग पातूरची. कोणी फोन करून सांगायचं, "सिस्टर, घरीच धुतली, एकदम टकाटक." सिस्टर फोनवर शाबासकी द्यायच्या, पाणी किती गरम होतं ते विचारायच्या. दिवाळीपर्यंत रविवारचा ओटा रिकामा पडला. माझ्या बायकोनं दोनदा जास्तीचा चहा टाकला आणि तो आम्हीच प्यायलो.

थंडीतल्या एका रविवारी मी समोर गेलो. टबातल्या पाण्याची वाफ निघत होती. सिस्टर स्वेटर घालून बसल्या होत्या आणि स्वतःची चेन घासत होत्या. ती चेन वादळानंतर झाडाला लागलीही नव्हती.

"कोणी नाही आज?" मी विचारलं.

"कायले येतीन? शिकले ना सारे." त्यांनी चेन उलटी केली आणि दुसऱ्या बाजूनं घासू लागल्या. "चांगलंच हाय. शिकलेच पायजे." मग थोड्या वेळानं म्हणाल्या, "पोहे भिजवले होते थोडेसे. तुमी खाता काय, सर?"

मी हो म्हणणार तेवढ्यात मोटारसायकल थांबली. शब्बीरभाई. हातात पिशवी, तोंड पडलेलं.

"सिस्टर, बहोत जाम हो गई. घरी लय घासली, निघूनच नाई राह्यली."

सिस्टर उठून उभ्या राहिल्या. त्यांनी चिमट्यानं चेन उचलली. काळाकुट्ट, जाड, चिकट थर, वरून भुसा लागलेला. सिस्टरांनी ती उन्हात धरली, मग नाकाजवळ नेली. मी शेजारीच उभा होतो, वास मलाही आला. निंबाचा नव्हता, बाभळीचा नव्हता, तेलाचाही नव्हता. तो गुळाचा होता. शब्बीरभाईंनी लख्ख धुतलेल्या चेनला गुळाचा काळा पाक फासून वर भुसा चिकटवून आणला होता.

मी शब्बीरभाईंकडे पाहिलं. ते अंगणातल्या शेवग्याच्या झाडाकडे बघत होते.

सिस्टरांनी एकदा शब्बीरभाईंकडे पाहिलं. मग त्यांनी चेन अलगद पाण्यात सोडली.

"लय जुनं दिसते हे," त्या म्हणाल्या. "टाइम लागन."

"लागू द्या. मले काई काम नाई," शब्बीरभाई म्हणाले आणि चपला काढून ओट्यावर मांडी घालून बसले.

"बसा तुमीही, सर," सिस्टर मला म्हणाल्या. "अन् वहिनीले आवाज द्या."

गूळ गरम पाण्यात विरघळायला असा कितीसा वेळ लागतो? टबातलं पाणी केव्हाच तांबूस झालं होतं आणि चेन तळाशी चकचकत होती. सिस्टरांनी पोहे फोडणीला टाकले, चहा झाला, शब्बीरभाईंच्या आईच्या मोतीबिंदूची चौकशी झाली, आणि मग त्या टबाशी येऊन बसल्या. ऊन उतरेपर्यंत सिस्टर त्या स्वच्छ चेनचा एकेक दात ब्रशनं घासत राहिल्या, आणि शब्बीरभाई अधूनमधून वाकून विचारत राहिले, "निघून राह्यलं का, सिस्टर?"

"निघन, निघन," सिस्टर म्हणत होत्या. "घाई नोको करू."